डोमेन कुणाच्या नावावर आहे?

भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी ही पद्धत सुरू झाली आणि पुढे सगळ्यांच्या अंगवळणी पडली. त्यामुळे इथल्या सामाजिक संस्थांना दोन तऱ्हेचे स्वयंसेवक मिळतात. गुरुवारी वर्कशॉपमधली माणसं येतात. कुणी वसतिगृहाच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलतं, कुणी निखळलेल्या ग्रिलला वेल्डिंग मारून देतं. शनिवार-रविवारी हिंजवडीची आयटीतली मुलं-मुली येतात. ती गणित-इंग्रजी शिकवतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हमखास विचारतात, "काका, तुमची वेबसाइट नाही? आम्ही करून देतो की!"

या भागातल्या कितीतरी छोट्या संस्थांची वेबसाइट अशीच जन्माला येते. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेची दोन शनिवार-रविवारांत उभी राहिली. फोटो चढले, विश्वस्तांची नावं आली, देणगीचा खाते क्रमांक आला. वार्षिक कार्यक्रमात पडद्यावर दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. पत्रकांवर, पावतीपुस्तकावर, मुलांना शाळेत नेणाऱ्या गाडीच्या दारावर तो पत्ता छापला गेला. ज्यानं हे मनापासून केलं तो मुलगा वर्षभरात परदेशी गेला. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, त्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं आणि पैसेही स्वतःच्या कार्डानं भरले होते. कार्डाची मुदत संपली. नूतनीकरणाची स्मरणपत्रं त्याच्या जुन्या, न उघडल्या जाणाऱ्या ईमेलवर येत राहिली. एके सकाळी कार्यालयातल्या ताईंनी संस्थेचं पान उघडलं आणि घाबऱ्याघुबऱ्या फोन केला, "दादा, आपल्या वेबसाइटवर पैसे लावून पत्ते खेळायला बोलावतायत!"

दोष त्या मुलाचा नव्हता. त्यानं आपले चार दिवस दिले होते. चूक अशी झाली की संस्थेनं वेबसाइट कार्यक्रमासारखी साजरी केली, पण मालमत्तेसारखी नोंदवून घेतली नाही. या एका फरकामुळे चांगल्या संस्थांचं फार मोठं नुकसान होतं, म्हणून तो जरा सविस्तर सांगायला हवा.

वेबसाइटमध्ये तीन गोष्टी असतात आणि तिन्ही वेगळ्या असतात. डोमेन हे नाव. होस्टिंग ही जागा, म्हणजे ज्या संगणकावर तुमची पानं ठेवलेली असतात तो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या पानांवरचा मजकूर आणि फोटो. जागा बदलता येते, मजकूर पुन्हा लिहिता येतो, पण नाव गेलं की छापलेलं सगळं वाया जातं. चाकण परिसरात जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या माणसाला सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. डोमेनचंही तसंच आहे, फक्त ते कधीच कायमचं विकत मिळत नाही. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतो, डोमेन एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. भाडं थकलं की पट्टा संपला.

अर्थात तो एका रात्रीत संपत नाही. डॉट ऑर्गसारख्या नावाची मुदत उलटली, तर साधारण महिना-दीड महिना नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं. त्यानंतर ३० दिवस भरभक्कम दंड भरून ते सोडवता येतं. पुढचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग ते नाव बाजारात खुलं होतं. जुन्या नावांवर टपून बसलेले लोक जगभर आहेत. सेवाभावी संस्थेच्या नावाकडे वर्तमानपत्रांच्या, महाविद्यालयांच्या, कंपन्यांच्या पानांवरून दुवे आलेले असतात, त्यामुळे शोधयंत्रं त्या नावावर विश्वास ठेवतात. संस्थेनं दहा वर्षं राबून मिळवलेला हा विश्वास जुगारवाल्याला हजार-दीड हजार रुपयांत मिळून जातो.

डॉट ऑर्ग हे शेपूटसुद्धा वादातून सुटलेलं नाही. १९८५पासून ते वापरात आहे आणि २००३पासून पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही ना-नफा संस्था त्याची नोंदवही सांभाळते. २०१९मध्ये ही नोंदवहीच एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरलं, तेव्हा जगभरातल्या सेवाभावी संस्थांनी विरोध केला. ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅन या नियामक संस्थेनं तो व्यवहार नाकारला. वेबसाइटचं नाव किती मोलाचं असतं, हे त्या वेळी पुष्कळांना पहिल्यांदा उमगलं.

म्हणून पहिलं काम हे: डोमेन संस्थेच्या नावावर घ्यावं, बिल संस्थेच्या नावाचं असावं आणि ते खर्चाच्या हिशेबात दिसावं. स्वयंसेवकानं प्रेमानं पैसे भरायची तयारी दाखवली तर ते देणगी म्हणून घ्यावेत, पावती द्यावी आणि संस्थेच्या खात्यातून बिल भरावं. इथे एक बारकावा आहे, जो भलेभले विसरतात. डोमेनच्या खात्याला जो ईमेल जोडायचा, तो त्याच डोमेनवरचा नसावा. नाव बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद पडतो, आणि कुलपाची किल्ली कुलूपबंद खोलीतच राहते. संस्थेच्या नावानं एक वेगळा जीमेल काढावा आणि ओटीपी कार्यालयाच्या मोबाइलवर यावा. पासवर्ड दोन विश्वस्तांकडे बंद पाकिटात असावेत. शक्य असेल तर नाव एकदम पाच-दहा वर्षांसाठी नोंदवून टाकावं.

हे सगळं कशासाठी, असं काही संस्थाचालक विचारतात. काम चांगलं असलं की माणसं शोधत येतात, असं त्यांचं म्हणणं असतं. माणसं येतातही, पण इथे कंपन्याही येतात. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, मग टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. पुढे चाकणला बजाजचा आणखी एक कारखाना, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आल्या. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नं १ एप्रिल २०१४पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करणं बंधनकारक केलं. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली एक जरी मर्यादा गाठली तरी कंपनी या कक्षेत येते. या पट्ट्यात अशा कंपन्यांची कमी नाही. सीएसआर विभागातली व्यक्ती टेबलावर दहा प्रस्ताव घेऊन बसते, तेव्हा भेटीला निघण्याआधी ती प्रत्येक संस्थेचं नाव शोधून पाहते.

तिला काय हवं असतं? सुविचार नको असतात, सरकत्या फोटोंची माळही नको असते. संस्था नोंदलेली आहे का, ट्रस्ट म्हणून 'ई' क्रमांक आहे की सोसायटी म्हणून 'एफ' क्रमांक आहे, आयकराच्या १२ए आणि ८०जीची नोंदणी आहे का, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक कोणता, हे ती पाहते. १ एप्रिल २०२१पासून सीएसआरचा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ ही नोंदणीही लागते. शिवाय नियमानुसार, कंपनीनं स्वतः न स्थापलेल्या संस्थेकडे तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. हा अनुभव दाखवायचा कशानं? तीन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित ताळेबंद वेबसाइटवर तारखेसह चढवलेले असतील, तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं. ज्या संस्थेच्या 'ताज्या घडामोडी' चार वर्षांपूर्वीच्या असतात, ती चालू आहे की बंद, हेच समोरच्याला कळत नाही. मला विचाराल तर शिळी वेबसाइट ही वेबसाइट नसण्यापेक्षा वाईट. वेबसाइट नसेल तर माणूस फोन तरी करतो.

छोट्या संस्थेला पाच पानं पुरतात. आम्ही कोण, काय काम करतो, हिशेब, मदत कशी कराल आणि पत्ता. या पाच पानांचा मजकूर संस्थेत रोज राबणाऱ्या माणसानं मराठीत लिहावा, इंग्रजी नंतर करून घ्यावं. उलट केलं की काय होतं ते दिसतंच. आधी इंग्रजीत गुळगुळीत वाक्यं लिहिली जातात, मग त्यांचं मराठी होतं, आणि महाळुंग्यातल्या किंवा खराबवाडीतल्या चाळीत राहणाऱ्या आईला आपल्या मुलाला वसतिगृहात घेतील का, कागदपत्रं कोणती लागतील, हे त्यात कुठेच सापडत नाही. या पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, तसंच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कुटुंबं राहतात. प्रवेशाची आणि मदतीची माहिती हिंदीतही असावी. ती माणसं साध्या अँड्रॉइड फोनवर, मोजक्या डेटात वाचतात.

मराठी मजकूर म्हटला की एक जुनं दुखणं उपटतं. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पुण्यातल्याच सीडॅकचे फॉन्ट यांनी मराठी टंकलेखनाची आणि छपाईची मोठी सेवा केली. पण त्या काळच्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीची चित्रं बसवलेली असत. छापायला ते चालायचं. संस्थेची पंधरा-वीस वर्षांची वार्षिकवृत्तं अशाच फाइलींमध्ये पडून आहेत. ती उचलून वेबसाइटवर चिकटवली की 'संस्था' या शब्दाच्या जागी डॉलरची, टक्क्याची, परिच्छेदाची चिन्हं उमटतात. कार्यालयातली मंडळी घाबरतात आणि छापील पानांचे फोटो काढून चढवतात. फोटोतला मजकूर शोधयंत्राला नीट सापडत नाही, कॉपी करता येत नाही आणि दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरला वाचून दाखवता येत नाही.

याचं औषध म्हणजे युनिकोड. १९९१पासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक २३२५, तो चाकणमध्येही तोच आणि शिकागोतही तोच. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो, कारण जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ यांत चुका राहतात. एक दिवस दोन जणांनी बसून हे केलं की दहा वर्षांचा अहवाल शोधता येईल असा होतो. मी असं काम करताना पाहिलंय. दर पानाला कुणीतरी थांबतं, "अरे, हे शिबिर आपण घेतलं होतं, नाही का?" असं म्हणतं आणि जुन्या माणसांच्या आठवणी निघतात. त्यातल्या दोन-चार लगेच टिपून घ्याव्यात. 'आम्ही कोण' या पानाला याहून चांगला मजकूर मिळत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट, जी बनवणारा बहुतेक वेळा विसरतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं सांगावं लागतं. दोन रोमन अक्षरांची, एम आणि आर, अशी ती खूण असते. ती नसेल तर ब्राउझर पान इंग्रजी किंवा हिंदी समजू शकतो. ती असेल तर अनेक चांगल्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात आणि स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडतो. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तरी एवढं आवर्जून पाहायला हवं. आपलं पान ज्यांच्यासाठी आहे, त्यांनाच ते वाचता आलं नाही तर उपयोग काय?

फोटोंबद्दल थोडं कडक बोलायला हवं. मोबाइलनं काढलेला एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. असे वीस फोटो एका पानावर टाकले की ते पान उघडायला वाचणाऱ्याचा शंभरेक एमबी डेटा जातो. चढवण्याआधी फोटो लहान केले की दीडदोनशे केबीत काम भागतं आणि डोळ्यांना फरक कळत नाही. हा झाला तांत्रिक भाग. खरा प्रश्न फोटोत कोण आहे हा. बांधकामाच्या साइटवरून, वीटभट्टीवरून किंवा कठीण घरातून आलेल्या मुलाचा चेहरा, नाव, शाळा आणि त्याच्या घरची शोकांतिका एकाच चौकटीत छापलेली दिसते, तेव्हा वाईट वाटतं. बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७४नं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई केली आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी ते मूल उद्या मोठं होऊन याच पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत मुलाखतीला जाणार आहे. तिथे कुणी त्याचं नाव शोधलं तर काय दिसावं? मुलांचे हात, पाठमोरी रांग, वहीवरची अक्षरं, त्यांनी लावलेलं झाड, यांतूनही काम दिसतं. देणगीदाराला रडवून मिळालेला पैसा फार दिवस पुरत नाही.

देणगीच्या पानावर खातं संस्थेच्याच नावाचं असावं, एखाद्या विश्वस्ताच्या वैयक्तिक नंबरचा क्यूआर कोड कधीही नसावा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, हे तिथेच लिहावं. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेनं देणग्यांचं विवरण १०बीडी या अर्जात भरायचं आणि देणगीदाराला १०बीई हे प्रमाणपत्र द्यायचं अशी पद्धत आली. त्यासाठी देणगीदाराचा पॅन आणि पत्ता लागतो. ऑनलाइन अर्जात हे दोन रकाने नसले की मे महिन्यात कार्यालयातल्या ताई शंभर जणांना फोन करत बसतात. वेबसाइट बनवणाऱ्याला हे माहीत नसतं, म्हणून अर्ज तयार होताना हिशेब पाहणारी व्यक्ती शेजारी बसलेली हवी.

आता देखभाल. खरं तर या पट्ट्यातल्या माणसांना ती शिकवायला लागू नये. इथल्या कारखान्यांत मशीनला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं कार्ड लटकत असतं. ऑपरेटर शिफ्टच्या सुरुवातीला मशीन पुसतो, ऑइलची पातळी बघतो, ढिला बोल्ट आवळतो, सही करतो. शिफ्ट सुटताना पुढच्याला सगळं सांगून जातो. मशीन बंद पडल्यावर धावायचं नाही, बंद पडू द्यायचंच नाही, ही शिस्त त्याच्या अंगात असते. तोच माणूस गुरुवारी संस्थेत येतो आणि कार्यालयातली वेबसाइट वर्षभर कुणी उघडलेली नसते.

तसंच एक कार्ड वेबसाइटलाही लावावं, छापून, भिंतीवर. आठवड्यातून एकदा कुणीतरी स्वतःच्या फोनवर साइट उघडावी आणि संपर्काचा अर्ज भरून तो ईमेल खरंच येतो का ते पाहावं. महिन्यातून एकदा एक रुपयाची देणगी देऊन पावतीपर्यंतचा रस्ता तपासावा. वर्डप्रेसवर साइट असेल तर अपडेट करावं, पण त्याआधी बॅकअप घ्यावा. वर्डप्रेस २००३पासून मोफत मिळतं आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. त्यामुळे मदत करणारे पुष्कळ आहेत आणि घुसखोरही पुष्कळ. घुसखोरी बहुतेक वेळा मूळ प्रणालीतून होत नाही, कधीकाळी हौसेनं टाकलेल्या आणि नंतर विसरलेल्या प्लगइनमधून होते. न लागणारं प्लगइन काढून टाकणं हीच मोठी सुरक्षा. बॅकअपची एक प्रत कार्यालयातल्या हार्ड डिस्कवर उतरवावी, आणि वर्षातून एकदा ती परत चढवून साइट उभी राहते का ते पाहावं. कुलूपचिन्हाचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, पण त्याचीही मुदत छोटी असते. ते आपोआप नवं होतंय ना, हे कार्डावर असू द्या.

आणि कार्डावर सही करणारी व्यक्ती संस्थेतलीच हवी. कार्यालयातल्या ताई मोबाइलवर रील बनवतात, व्हॉट्सअॅपवर दीडशे पालकांचा गट सांभाळतात. वेबसाइटवर बातमी चढवायला त्यांना अर्ध्या तासात शिकवता येतं. स्वयंसेवकानं साइट बनवून दिली की काम संपलं असं समजू नये. ताईंनी त्याच्यासमोर, त्याला हात न लावू देता, एक बातमी आणि एक फोटो चढवला की मगच संपलं.

पान ताजं ठेवणं का गरजेचं, हे कळायला पत्त्याचंच उदाहरण घ्या. अशोक देशमाने या सॉफ्टवेअर अभियंत्यानं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सुरू केलेलं 'स्नेहवन' २०१५च्या सुमारास भोसरीत लहानशा जागेत उभं राहिलं आणि पुढे खेड तालुक्यात कोयाळीला गेलं. अशी वाढणारी संस्था जागा बदलतेच. जुन्या बातम्यांत, कुणीतरी पुढे पाठवलेल्या संदेशांत जुना पत्ता तसाच राहतो. धान्याचं पोतं गाडीत टाकून निघालेल्या माणसाला, किंवा मुलाचा हात धरून एसटीतून उतरलेल्या आजोबांना खरा पत्ता सांगणारी एकच जागा असते, ती म्हणजे संस्थेचं स्वतःचं पान.

तुमच्या ओळखीची अशी एखादी संस्था नक्की असेल. येत्या गुरुवारी तिकडे जा. आयकॅनच्या लुकअप पानावर तिचं डोमेन टाकलं की मुदत कधी संपते ते मिनिटभरात कळतं, आणि त्याला काही पैसे पडत नाहीत. ती तारीख कार्यालयातल्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा आणि विचारा, हे डोमेन कुणाच्या नावावर आहे?